पुढचे दार, मागचे दार

पुणे विद्यापीठात कुणी फोनवर ‘जयकरला बसलोय’ म्हणाले की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावे लागत नाही. जयकर म्हणजे ग्रंथालय. जयकर म्हणजे जागा धरून ठेवलेल्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, राज्यघटनेच्या कलमांची पाठांतरे. त्या कलमांच्या जन्माच्या वेळी घटना समितीत उभे राहून सगळ्या सभागृहाची नाराजी ओढवून घेणारा माणूस याच नावाचा होता, हे मात्र तिथल्या दहातल्या एकाला तरी ठाऊक असेल का, शंका आहे. नाव इमारतीला दिले की माणूस विसरायला आपण मोकळे होतो.

मुकुंद रामराव जयकर हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९४८ ते १९५६. पण मला त्यांची आठवण झाली ती वेगळ्याच कारणाने. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयातल्या एका नेमणुकीवरून महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्या राहिलेल्या वकील बाईंची न्यायाधीशपदासाठी शिफारस झाली, विरोधकांनी आक्षेप घेतला, पक्षाने ‘राजीनामा केव्हाच दिला होता’ असे उत्तर दिले. बाररूममध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. सगळ्या वादाचे गृहीतक एकच होते : राजकारणात हात घातलेल्या माणसाने न्यायासनाला हात लावू नये. एकदा रंग लागला की लागला.

हे गृहीतक मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण जयकर आहेत. ते वकील होते, कायदेमंडळातले विरोधी पक्षनेते होते, आणि मग देशाच्या पहिल्या संघ न्यायालयाचे, म्हणजे फेडरल कोर्टाचे, न्यायाधीश झाले. माझे म्हणणे असे की न्यायाधीशाच्या खोलीला दोन दारे असतात. पुढच्या दाराने तो आत येतो तेव्हा त्याच्या अंगावरचा रंग सगळ्यांना दिसत असतो. मागच्या दाराने तो बाहेर पडून कुठे जाणार आहे हे मात्र खटला चालू असताना कुणालाच दिसत नाही, कधीकधी फक्त त्यालाच दिसत असते. आपण सगळा पहारा पुढच्या दारावर लावला आहे. मागचे सताड उघडे आहे.

आधी जयकरांचा रंग किती गडद होता ते बघू.

१९०५ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मोतीलाल नेहरूंच्या जागी आलेले जयकर यांनी ती चालवली. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबई कौन्सिलात गेले आणि तिथे विरोधी बाकांचे नेते झाले. पुढे पक्षाशी बिनसले. कौन्सिलात जाऊन नुसता अडथळा आणण्यापेक्षा, जिथे सरकार चार पावले पुढे येईल तिथे आपणही यावे, हा प्रतियोगी सहकारितेचा मार्ग त्यांनी न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्याबरोबर धरला. १९२६ मध्ये ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९३० मध्ये तेजबहादूर सप्रूंबरोबर व्हाइसरॉय आणि तुरुंगातले नेते यांच्यात येरझाऱ्या घातल्या. त्या वाटाघाटींसाठी नैनीच्या तुरुंगातून नेहरू पितापुत्रांना खास गाडीने येरवड्याला आणावे लागले होते. गोलमेज परिषदांना ते गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे.

एवढे सगळे करून झालेला माणूस ऑक्टोबर १९३७ मध्ये सर मॉरिस ग्वायर आणि सर शाह मुहम्मद सुलेमान यांच्या शेजारी न्यायाधीश म्हणून बसला. आजच्या मापाने अशा माणसाला तालुक्याच्या कोर्टातही बसवू नये.

पुढे काय झाले? फेडरल कोर्टापुढे आलेले पहिलेच महत्त्वाचे प्रकरण नागपूरचे होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कायदेमंडळाने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगण तेलाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच टक्के कर बसवला. केंद्र सरकारचे म्हणणे असे की ही खरे तर अबकारी, आणि अबकारी बसवायचा अधिकार आमचा. प्रांताचे म्हणणे की हा विक्रीकर, तो आमचा. गव्हर्नर जनरलने प्रश्न कोर्टाकडे सल्ल्यासाठी पाठवला.

आता गंमत अशी की पेट्रोलवरच्या करात जयकरांचे हात आधीच बुडालेले होते. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष तेच होते. रस्ते हा देशाचा प्रश्न समजा, पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठी वेगळा काढून ठेवा, असे त्या समितीने सांगितले. मार्च १९२९ मध्ये पेट्रोलवरचा केंद्राचा कर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि वरचे दोन आणे रस्ता निधीत जाऊ लागले. आज आपण पंपावर पैसे देताना रस्त्यांचा जो उपकर भरतो त्याचे खापरपणजोबा जयकर आहेत, असे म्हणायला हरकत नाही. (खड्ड्यांचे नाहीत.) केंद्राने पेट्रोलवर कर घ्यावा असे ज्याने सुचवले, तोच दहा वर्षांनी ‘पेट्रोलवर प्रांतानेही कर घ्यावा का’ याचा निवाडा करायला बसला होता.

डिसेंबर १९३८ मध्ये तिघांनी स्वतंत्र मते लिहिली आणि तिघांचा निष्कर्ष एक निघाला : प्रांताला हा कर बसवण्याचा अधिकार आहे. जयकरांची पूर्वीची सूचना केंद्राच्या कराची होती, निकाल प्रांताच्या बाजूचा. यावरून ते फार मोठे निःपक्षपाती होते असे मी म्हणणार नाही. एका प्रकरणावरून कुणाच्याच मनाचा थांग लागत नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच की त्यांचे पेट्रोलविषयीचे मत छापील अहवालात होते. केंद्राच्या वकिलाला ठाऊक होते, प्रांताच्या वकिलाला ठाऊक होते, ग्वायरसाहेबांना ठाऊक होते. न्यायाधीश वाकडा गेला असता तर कुठून वाकला हे सांगता आले असते. ज्याचे मत कुणालाच माहीत नाही अशा न्यायाधीशाच्या बाबतीत ही सोय नसते. त्यालाही मते असतात, फक्त ती घरी ठेवलेली असतात.

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा जुना इतिहास मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको, कारण तो लोकमान्यांच्या खटल्यांचाच इतिहास आहे. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली. जामिनाचा अर्ज आधी पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे गेला आणि फेटाळला गेला. रानडे म्हणजे काँग्रेसच्या जन्मापासूनचे सल्लागार. पुन्हा अर्ज झाला तो बद्रुद्दीन तय्यबजींपुढे. तय्यबजी तर १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षच. त्यांनी जामीन दिला. म्हणजे काँग्रेसच्या एका माणसाने नाकारले आणि दुसऱ्याने दिले. पक्षाच्या रंगावरून निकाल वर्तवणाऱ्या ज्योतिषाची इथेच पंचाईत होते. त्या वेळी तय्यबजींपुढे टिळकांच्या वतीने जामीन मागणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला आला, जिनांनी जामीन मागितला, आणि तो नाकारणारे न्यायमूर्ती होते तेच दावर. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षाही त्यांचीच. दावर काही काँग्रेसचे पुढारी नव्हते. राजकारणाचा डाग नसलेला, निव्वळ वकिलीतून वर आलेला हा न्यायाधीश. त्याच्या हातून काय झाले ते मंडाले जाणते.

तरीही माझ्या बाजूला खुपणारे एक उदाहरण आहे. ते टाळले तर हा लेख म्हणजे वकिली होईल.

सर नारायण चंदावरकर. डिसेंबर १९०० मध्ये लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, आणि १९०१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मधे महिन्या-दोन महिन्यांचेही अंतर धड नाही. नेमस्त, सुधारक, प्रार्थनासमाजी. टिळकांच्या राजकारणाच्या सरळ विरुद्ध टोकाचे. आणि ताईमहाराज प्रकरणाचे अपील १९१० मध्ये आले ते नेमके त्यांच्या आणि हीटन यांच्या खंडपीठापुढे. बाबामहाराज पंडितांच्या मृत्यूनंतर टिळक त्यांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त होते, औरंगाबादला १९०१ मध्ये झालेले दत्तकविधान खरे की खोटे हा वाद होता. पुण्याच्या कोर्टाने दत्तक खरे धरले होते. चंदावरकर-हीटन यांनी ते उलटवले, आणि उलटवताना टिळक आणि त्यांचे साथीदार खोटे बोलले असे ठरवल्यासारखेच झाले. १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, तो निकाल रद्द करून पुण्याचा निकाल कायम केला, आणि साक्षीदारांवर असा ठपका ठेवण्याच्या रीतीबद्दल उच्च न्यायालयाला दोन शब्द सुनावलेही.

चंदावरकरांनी राजकीय वैरातून हे केले का? त्या वेळी पुण्यात अनेकांना तसे वाटले असणार. मला वाटते की चांगला हेतू असलेल्या माणसालाही आपला विरोधक खोटारडा आहे हे पटायला पुरावा जरा कमी लागतो. हे मान्यच करतो. पण या चुकीला वर अपील होते, चूक कागदावर होती, ती शोधता आली आणि पाच वर्षांनी का होईना, पुसता आली. पुढच्या दाराने आलेला दोष निदान उजेडात तरी असतो. चंदावरकरांनी त्या अपिलातून स्वतःहून बाजूला व्हायला हवे होते, यातही मला शंका नाही. त्यासाठी नियम करता येतो, त्याकडे येतोच.

चंदावरकरांच्या आयुष्यातली मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ताईमहाराज प्रकरण नाही. ती त्यांच्या निवृत्तीनंतरची आहे. न्यायासनावरून उतरल्यावर ते इंदूर संस्थानचे दिवाण झाले. मग १९१८ मध्ये सरकारने त्यांना एक काम दिले. बंगालमध्ये भारत संरक्षण कायद्याखाली शेकडो तरुण खटल्याशिवाय डांबलेले होते. या स्थानबद्धांची प्रकरणे तपासायला दोघांची समिती नेमली : कलकत्त्याचे न्यायमूर्ती बीचक्रॉफ्ट आणि निवृत्त न्यायमूर्ती चंदावरकर. त्यांनी ८०६ प्रकरणे पाहिली. उलटतपासणी नाही, कोर्टात चालेल असा पुरावा नाही. सुटकेची शिफारस झाली फक्त सहा जणांची. आठशे योग्यच कोंडलेत असे दोन न्यायाधीश सांगतात म्हटल्यावर सरकारला अजून काय हवे होते? पुढच्याच वर्षी रौलट कायदा कायदेमंडळात रेटताना या अहवालाचा आधार सरकारी बाकांनी घेतला.

रौलट कायदा, त्याविरुद्ध सत्याग्रह, पंजाबातली दडपशाही, जालियनवाला. आणि मग त्या जालियनवालाच्या चौकशीला बसलेले जयकर. मराठी वाचकांना जवळचे असे एकाच मुंबई बारमधले दोन कायदेपंडित एकाच साखळीच्या दोन टोकांना उभे दिसतात. जयकरांची समिती उघडउघड एका पक्षाची होती, तिच्यातला प्रत्येक जण सरकारचा विरोधक होता. पण त्या समितीने १,७०० हून अधिक जबान्या पाहिल्या, त्यातल्या निवडून छापल्या, आणि अतिशयोक्त वाटल्या त्या बाजूला ठेवल्या. मार्च १९२० मध्ये आलेला तो अहवाल आजही वाचवतो. इकडे राजकारणी माणसे न्यायाधीशासारखी वागली. तिकडे न्यायाधीश सरकारच्या एखाद्या खात्यासारखा वागला. न्यायमूर्ती ही उपाधी एकाकडे होती, न्यायबुद्धी त्या वेळेपुरती दुसऱ्याकडे होती.

चंदावरकर वाईट होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. जालियनवाला घडण्याआधीच्या जगात, बाँबच्या भीतीत वावरणाऱ्या नेमस्ताला ती कागदपत्रे खरी वाटली असतील. पण सरकारला त्यांचे नाव का हवे होते याचा विचार करा. त्यांच्या बुद्धीसाठी नव्हे. बुद्धिमान माणसे सेक्रेटरिएटमध्ये पुष्कळ होती. हवा होता तो बारा वर्षे उच्च न्यायालयात बसून नावापुढे साठलेला विश्वास. तो विश्वास न्यायसंस्थेचा होता, चंदावरकरांचा खासगी नव्हता, आणि तो निवृत्तीनंतर सरकारला वापरायला मिळाला. १९२१ मध्ये सुधारणा कायद्यानुसार मुंबईचे नवे कौन्सिल भरले तेव्हा त्याचे अध्यक्षही तेच झाले. पहिल्या चार वर्षांपुरते हे अध्यक्षपद निवडणुकीने नव्हे, गव्हर्नरच्या नेमणुकीने भरायचे होते. मे १९२३ मध्ये अध्यक्ष असतानाच ते वारले. त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीतून जयकर त्या सभागृहात आले. दोघांची समोरासमोर गाठ पडली असती तर वृत्तांत वाचायला मजा आली असती.

आता जयकरांचे मागचे दार. १९३९ मध्ये ते फेडरल कोर्टातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले, म्हणजे न्यायासनावरून न्यायासनावरच. तिथून परतल्यावर सप्रूंबरोबर बिगरपक्षीय नेत्यांच्या परिषदा आणि समित्या. काँग्रेस त्यांच्यावर खूश नव्हती, मुस्लीम लीग तर नव्हतीच, सरकारलाही ते डोकेदुखीच वाटत. मग १९४६ ची घटना समिती.

१९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत जिनांनी नेहरू अहवालाला, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीने केलेल्या घटनेच्या आराखड्याला, दुरुस्त्या मांडल्या, तेव्हा हिंदू महासभेची बाजू घेऊन त्या हाणून पाडणारे जयकर होते. जिनांच्या मागे मुसलमानांपैकी फार थोडे आहेत, असा त्यांचा रोख होता. इतिहासाचे पुष्कळ अभ्यासक त्या दिवसाला जिनांच्या वाटेवरचे एक मोठे वळण मानतात. अशा माणसाला १९३७ मध्ये न्यायाधीश केले तेव्हा एखाद्या मुसलमान पक्षकाराच्या मनात काय आले असेल? मला याचे सोपे उत्तर नाही. त्याच जयकरांनी बरोबर अठरा वर्षांनी, १६ डिसेंबर १९४६ ला, घटना समितीत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावाला दुरुस्ती सुचवली : लीग अजून आलेली नाही, संस्थाने आलेली नाहीत, ती येईपर्यंत ठराव पुढे ढकला. सभागृह तापले. लोकांच्या उत्साहावर पाणी ओतणारा म्हातारा, असाच एकंदर सूर होता. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर बोलायला उठले आणि ऐक्यासाठी थोडे थांबायला काय हरकत आहे, या अंगाने त्यांनी जयकरांच्या सूचनेला बळ दिले. शेवटी ठराव जानेवारीवर गेला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग आली नाहीच. जयकर लवकरच समितीतून बाहेर पडले.

१९२८ चा जयकर आणि १९४६ चा जयकर यांच्यामध्ये न्यायासनावरची काही वर्षे होती. तेवढ्याने माणूस बदलला, असे लिहायचा मोह होतो, पण तो आवरतो. ठराव कायदेशीर कसोटीवर टिकेल का ही शंका वकिलालाही येऊ शकते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. १९४६ मध्ये येणारे सरकार कुणाचे हे आंधळ्यालाही दिसत होते, आणि माजी न्यायाधीश त्या येणाऱ्या सरकारला नको ते ऐकवत होता. पुढे १९४८ मध्ये त्यांना कुलगुरूपद मिळाले खरे. पण ते फेडरल कोर्ट सोडून नऊ वर्षांनी, आणि ज्या काँग्रेसशी त्यांचे कधी धड जमले नाही तिच्याच राजवटीत. नऊ वर्षांपूर्वीच्या निकालाचे बक्षीस कुणी देत नसते. जयकरांच्या मागच्या दारावर कालांतराने, न ठरवता, आपोआप पहारा बसला.

उलट बाजूने एक टोला येणार हे मला कळते : अहो, पण जयकर न्यायासनावर बसले तेच मुळी सरकारला पचतील असे होते म्हणून. टिळकांच्या वाटेने गेलेले मंडालेला जात होते, सप्रू-जयकरांच्या वाटेने गेलेले प्रिव्ही कौन्सिलात. बक्षीस पुढच्या दारावरही असतेच. हा टोला खरा आहे. परक्या सरकारची नेमणूक म्हणजे मवाळपणाची चाळणी, यात वाद नाही. आज चाळणी वेगळी आहे, कॉलेजियमची, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या निवड मंडळाची. तिच्या जाळीची भोके किती मोठी हे बाहेर कुणालाच माहीत नसते, हा तिचा मोठा दोष. म्हणून पुढच्या दारावर पहारा नकोच असे मी म्हणत नाही. पहारा हवा तो प्रवेशबंदीचा नव्हे, नोंदीचा. कुणाच्या पक्षात होतात, कोणते पद होते, कोणती निवडणूक लढवली, पक्षाच्या वतीने कोणत्या प्रकरणांत उभे राहिलात, हे शपथेच्या दिवशीच जाहीर करा, आणि त्या पक्षाची वा त्या विरोधकाची प्रकरणे ठरावीक वर्षे तुमच्यापुढे येणार नाहीत असा नियम करा. १९१० मध्ये असा नियम असता तर ताईमहाराज प्रकरण दुसऱ्या खंडपीठापुढे गेले असते आणि चंदावरकरांचे नाव एका डागाने कमी मळले असते.

मागच्या दारासाठी मात्र नोंद पुरणार नाही, तिथे कुलूपच हवे.

घटना समितीत हा विषय निघाला होता. प्रा. के. टी. शाह यांनी न्यायाधीशांना निवृत्तीनंतर सरकारी पदे बंद करावीत अशी सूचना मांडली. मे १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ती अमान्य केली. त्यांचा युक्तिवाद असा की कोर्टात येणारे तंटे बहुतेक खासगी माणसांचे असतात, सरकारचा त्यात फारसा संबंध नसतो, त्यामुळे सरकार न्यायाधीशाला वळवू पाहील ही भीती अनाठायी आहे. १९४९ मध्ये, जमीन, वारसा आणि कर्जाच्या दाव्यांनी भरलेल्या कोर्टांकडे पाहून हे बोलणे चुकीचे नव्हते. आज कोणत्याही उच्च न्यायालयाचा एका दिवसाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, उचलून पाहा. राज्य सरकार, केंद्र सरकार, महानगरपालिका, महामंडळ, प्राधिकरण. देशातला सर्वांत मोठा पक्षकार सरकार आहे. बाबासाहेबांचा युक्तिवाद त्यांच्याच तर्काने आज उलट्या बाजूला झुकतो; सरकारचा संबंध नसतो म्हणून कुलूप नको, असे ज्यांनी म्हटले त्यांनी संबंध असता तर काय म्हटले असते, हे उघड आहे.

त्याच घटनेने हिशेब तपासणाऱ्याच्या बाबतीत मात्र सावधगिरी बाळगली. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकाला पद सोडल्यावर केंद्राच्या वा राज्याच्या सरकारात कोणतेही पद घेता येत नाही. कलम १४८ चा चौथा खंड. संघ लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षालाही तसेच बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला कलम १२४ च्या सातव्या खंडाने वकिली करायला बंदी आहे, राज्यपाल व्हायला नाही. म्हणजे अशिलाकडून फी घ्यायची नाही, सरकारकडून राजभवन घेतले तर चालेल.

मुंबईने या प्रश्नावरचा सर्वांत बोचरा प्रसंग पाहिला आहे. १९५८ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी नोकरी घेऊ नये असे सांगितले. आयोगाचे एक सदस्य होते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला. अहवालाची शाई वाळते न वाळते तोच छागला अमेरिकेत राजदूत म्हणून गेले, पुढे केंद्रात मंत्री झाले. सेटलवाडांना ते फार लागले आणि त्यांनी ते लपवलेही नाही. आता हेच छागला त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाच्या पैशांच्या मुंदडा प्रकरणाची चौकशी करून देशाच्या अर्थमंत्र्यांना घरी पाठवून मोकळे झाले होते. लाचार माणूस असे करत नाही. म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. छागलांच्या सचोटीबद्दल शंका नसतानाही त्यांनी पायंडा पाडला, आणि पायंडा चालवणाऱ्या प्रत्येकाची सचोटी छागलांएवढी असतेच असे नाही.

तेव्हापासून ही पायवाट रुंद होत गेली आहे. बहारुल इस्लाम खासदारकीतून उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि १९८३ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा राज्यसभेत. २०१४ मध्ये माजी सरन्यायाधीश सदाशिवम केरळचे राज्यपाल. नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झालेले सरन्यायाधीश गोगोई मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नियुक्त. २०२३ च्या जानेवारीत निवृत्त झालेले न्यायमूर्ती नझीर त्याच फेब्रुवारीत आंध्रचे राज्यपाल. काँग्रेसच्या काळात एक, भाजपच्या काळात दुसरे. बाररूममध्ये ज्याला त्याला आपापल्या सोयीची उदाहरणे तोंडपाठ असतात. यातल्या कुणीही एखादा निकाल विकला असे मी म्हणत नाही, म्हणायला माझ्याकडे काही नाही. पण हरलेल्या पक्षकाराच्या मनात जी पाल चुकचुकते ती घालवायला न्यायमूर्तींकडेही काही नाही. अपील करून संशय रद्द करता येत नाही.

लवादांचे काय, असे कुणी विचारेल. हरित लवाद, कंपनी अपील लवाद, मानवाधिकार आयोग यांना निवृत्त न्यायाधीश लागतातच. कायद्यानेच तशी अट आहे. उच्च न्यायालयात ६२ आणि सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या वर्षी चांगली चालणारी डोकी घरी बसवायची हाही शहाणपणा नव्हे. इथे माझा हट्ट नाही. ती कामे न्यायाचीच आहेत, जयकर फेडरल कोर्टातून प्रिव्ही कौन्सिलात गेले तशी. फक्त त्या नेमणुका ज्या सरकारविरुद्ध लवादापुढे दावे चालतात त्याच्या हातात नकोत. कुलूप हवे ते राज्यपालपदाला, राजदूतपदाला, राज्यसभेच्या नियुक्तीला, आणि सरकार मर्जीने नेमते त्या समित्यांना. किती काळ? सरन्यायाधीश लोढा दोन वर्षे म्हणाले होते. २०२३ मध्ये मुंबईच्याच वकिलांच्या एका संघटनेने दोन वर्षांचा नियम मागितला तर सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. हे ठरवणे त्या त्या न्यायाधीशावर किंवा फार तर कायदा करणाऱ्यांवर सोडायला हवे, असा सूर होता. मला दोन वर्षे अपुरी वाटतात. दोन वर्षांत सरकार बदलत नाही. पाच वर्षांत निदान एक सार्वत्रिक निवडणूक होते, आणि ज्याने द्यायचे तो राहील की नाही याचीच खात्री उरत नाही.

कलम १४८ मधले ते वाक्य थोडे बदलून कलम १२४ मध्ये नेऊन ठेवायचे, उच्च न्यायालयासाठी कलम २२० मध्ये. मसुदा करायला फारसे काही नाही, जयकर ग्रंथालयात कलमे पाठ करणारे कुणीही पोर तासाभरात करून देईल. अडचण तो मांडणाऱ्याची आहे. हे विधेयक ज्या सभागृहात जायचे तिथे ते मांडणाऱ्या पक्षाला उद्या सत्तेवर यायचे असते, आणि सत्तेवर आल्यावर राजभवनांच्या किल्ल्या आपल्याकडे असाव्यात असे प्रत्येकालाच वाटते.